अबोल्याच्या हातची फणी

लासुर्ण्यात ऊस न लावणारा माणूस एकतर येडा असतो नाहीतर बाई असते, असं माझा थोरला भाऊ महिपती चारचौघांत म्हणायचा. मी दोन्ही होते. ओढ्याकडचं हलकं एकर त्यानं माझ्या नावानं सोडलं होतं. त्यात मी तुती लावली आणि बांधाला पत्र्याचं शेड घालून रेशमाचे किडे पाळायला लागले. चौऱ्याण्णव साल होतं. गावाला आधी हसू आलं, मग किळस आली आणि पहिले कोष निघाल्यावर गाव गप्प बसलं.

नवऱ्यानं मला टाकून तेव्हा वीस वर्षं झाली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको. त्याचं दुःख मला दोनेक वर्षं होतं, पुढं तेही गेलं.

पण हा धंदा मी एकटीनं मांडला नव्हता. रंगूबाई होती बरोबर. रंगूबाई आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातली, नवरा वारलेला, सोमनाथ नावाचा एकुलता एक मुलगा. एका गावात राहून चाळीस वर्षांत आम्ही एकमेकींच्या दारात टेकलो नव्हतो. गाठ पडली ती बारामतीला, रेशमाच्या शिबिरात, आणि तिथं आम्ही आठवडाभर एकाच सतरंजीवर झोपलो. शिकवणाऱ्या साहेबांनी गोष्ट सांगितली, की चीनच्या एका राणीच्या चहात कोष पडला आणि त्यातून धागा निघाला, तेव्हापासून रेशीम. रंगूबाई माझ्या कानात म्हणाली, "राणीच्या च्यात पडला म्हून धागा निगाला. माझ्या च्यात पडला आसता तर सासूनं 'आंधळी हायस का' म्हून मलाच बडवलं आसतं." आम्हा दोघींना साहेबांनी बाहेर घालवलं. तिथून मैत्री.

किड्यांचं काम म्हणजे तान्ह्या लेकराचं काम. दिवसातून चार वेळा पाला. चार वेळा ते कात टाकतात, त्याला झोप म्हणतात. तेव्हा दिवसभर खात नाहीत, मान वर करून नुसते थांबतात. चौथ्या झोपेतून उठले की सात दिवस राक्षसासारखे खातात आणि मग कोष विणायला चढतात. त्यांना वास चालत नाही, फवारणी चालत नाही, आणि तंबाखू तर मुळीच चालत नाही. तंबाखूच्या बोटानं पाला घातला तरी किडा मरतो. रंगूबाई लहानपणापासून मिश्री लावणारी. तंबाखू तव्यावर जाळायची, कुटायची, डबी कनवटीला आणि बोट दातावर. नवऱ्यानं मारून सुटली नाही, दवाखान्यातल्या बाईनं भीती घालून सुटली नाही. किड्यांसाठी तिनं ती एका दिवसात सोडली. आठ दिवस तिचं डोकं दुखत होतं, माझ्यावर खेकसत होती, पण डबी तिनं ओढ्यात भिरकावली ती भिरकावलीच.

शेडामागं एक खोली घालायची आणि म्हातारपण दोघींनी तिथं काढायचं, असं आमचं ठरलं होतं. एका ताटात जेवतो म्हणून माझ्या वहिनीनं नाक मुरडलं होतं, तिच्या वाड्यातही काहीजण बोलले होते. आम्ही ऐकून घेतलं आणि विटा आणून टाकल्या.

मग शहाण्णवच्या दिवाळीत सोमनाथला लोणी देवकरच्या एका कारखान्यात काम लागलं. त्यानं तिथं दोन खोल्या घेतल्या, सून बाळंत व्हायची होती, आणि तो आईला न्यायला आला. रंगूबाई शेडाच्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. मी 'नको जाऊस' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. आणि मी काय म्हणाले? "जा की. सुनंला बिनपगारी मोलकरीन पायजेच हाय."

रंगूबाईचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "तुला कुनीच न्हाय, म्हून तुझी जीब आशी झालीया, जयवंता." आणि गेली. भाकरी करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

लासुर्ण्याहून लोणी देवकर काही काशी नव्हे. इंदापूरला गाडी बदलली की दीड-दोन तासांत माणूस पोचतं. तीन महिने ना ती आली, ना मी गेले. ती खोटं बोलली असती तर मी भांडायला तरी गेले असते. ती खरं बोलली होती, त्याचा मला राग होता.

माघात मी एकटीनं बॅच घेतली. कामाचं काही नव्हतं, काम मला कधी जड गेलं नाही. पण दुपारी जेवायला बसले की समोरची जागा दिसायची. एकटीपुरती भाकरी थापायचा कंटाळा यायचा, मग सकाळचीच शिळी खायची. भावाच्या घरी जावं तर वहिनी लगेच विचारायची, "काय पायजे व्हतं?" काही नको असलं तरी माणूस येतं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही. मला रंगूबाईची आठवण यायची. रोज यायची. दुसऱ्या कुणाला मी हे मेले तरी सांगितलं नसतं.

किडे तिसऱ्या झोपेत होते, तेव्हा ती परकी बाई पहिल्यांदा आली.

भर दुपार होती. मी ट्रेवर चुन्याची पूड भुरभुरत होते. दार वाजलेलं ऐकलं नाही, पण दाराशी औषधाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं ठेवलेलं असतं, त्यावर कुणीतरी पाय पुसल्याचा आवाज आला. वळून बघते तर बाई. काळा चकाकता सदरा, घोट्याच्या वर आलेला सैल पायजमा, अनवाणी पाय. केस मागं घट्ट वळून अंबाडा घातलेला आणि त्यात लाकडी फणी खोचलेली. डोळे बारीक, वय माझ्याच आसपास. पाय पुसून ती बादलीकडं गेली, हात धुतले, आणि मगच ट्रेजवळ आली. भाऊ आला तर बुटासकट आत शिरतो, आणि ही परकी बाई हात धुऊन येते. मी घाबरायच्या ऐवजी खूशच झाले.

"ह्यो उजवीकडचा ट्रे वलसर हाय," ती म्हणाली. "चुना ज्यादा टाक."

खरंच ओलसर होता. ती काय बोलली ते मला कसं कळलं, हे विचारू नका, मलाही ठाऊक नाही. तिचे ओठ वेगळेच हलायचे आणि माझ्या कानाला आमचीच बोली ऐकू यायची. ती जिवंत नाही हे मला थोड्या वेळानं उमगलं, कारण पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन तिच्यातून आरपार जाऊन चुन्याच्या डब्यावर पडत होतं. पण भूत काय पोत्यावर पाय पुसतं? मी तिला म्हटलं, बस.

तिचं नाव आ-म्यू. चीनची, तिच्या देशावर राजा होता त्या काळातली, पुरुषही लांब शेपटे ठेवायचे तेव्हाची. तिच्या मुलखात तळ्यात मासे आणि तळ्याच्या बांधावर तुती. किड्यांची लेंडी माशांना, तळ्यातला गाळ तुतीला. हे मला एवढं पटलं की मी तिला दोनदा सांगायला लावलं. महिपतीला हे ऐकवायला हवं होतं, पाटाच्या पाण्यासाठी भांडण्यात जन्म गेला त्याचा.

ती रोज यायला लागली, कधी सकाळी, कधी दुपारी. पाल्याचे देठ खुडायला मदत करायची आणि सांगायची. नवव्या वर्षी तिला रेशमाच्या गिरणीत घातलं. उकळत्या पाण्यात कोष टाकायचे आणि बोटांनी धाग्याचं टोक शोधायचं. तिची बोटं मेल्यावरही उकडल्यासारखी पांढरी होती. त्या गिरणीतल्या पोरींची एक रीत होती. जिला लग्न करायचं नाही तिनं देवीपुढं शपथ घ्यायची, वेणी सोडून केसांचा अंबाडा घालायचा, आणि तो अंबाडा दुसऱ्या शपथेच्या पोरीनं तिच्या फणीनं विंचरून घालायचा. त्या दोघी मग बहिणी. नवरा नाही, सासू नाही, आपल्या हातचं खायचं. मी म्हटलं, "आमच्याकडं ही रीत का न्हाय आली?" तर ती हसली.

तिची बहीण आ-लान. दोघींनी एकाच दिवशी शपथ घेतली. अशा अकराजणींनी मिळून एक घर घेतलं होतं, कारण शपथ घेतलेल्या बाईला माहेरच्या घरात मरता येत नसे, अपशकुन मानायचे. "मरायला एक घर पायजे," आ-म्यू म्हणाली, "न्हायतर बाईला उकिरड्यावर न्हेऊन ठेवत्यात." मला आमच्या विटांची आठवण झाली.

पुढं एका वर्षी रोगानं किडे मेले, गिरणी बंद पडली. आ-लाननं दर्यापार एका श्रीमंताघरी स्वैपाकिणीचं काम धरलं. दोन वर्षांत परत येते म्हणाली. आ-म्यूला इतका राग आला की निरोप द्यायला ती धक्क्यावर गेली नाही. घरात भिंतीकडं तोंड करून बसली. आ-लानची बोट पोचलीच नाही कुठं. बाकीच्या नऊजणी एकेक करून गेल्या. शेवटी आ-म्यू एकटी उरली आणि किड्यांच्या खोलीतच मेली. मेल्यावरचा शेवटचा अंबाडा बहिणीनं घातल्याशिवाय सुटका नाही, आणि तो घालायला बहीण नव्हती.

"तवापास्नं फिरतीया," ती म्हणाली. "जितं किडं आसत्यात तितं मला येता येतं. किडं चढलं की निगावं लागतं. एका शेडात एकदाच, पुन्यांदा दार मिळत न्हाय."

त्या दिवशी तिनं माझे केस विंचरले. मी मागितलं नव्हतं. तिनं नुसतं मला स्टुलावर बसवलं आणि माझा अंबाडा सोडला. रंगूबाई गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. मी पत्र्याकडं बघत बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मी पुसलंही नाही.

झाल्यावर मी उठले आणि म्हटलं, "आता तू बस. आन ती फनी, तुजा आंबाडा मी घालते. एवढ्यासाठी फिरतीयास व्हय इतकी?"

तिनं माझं मनगट धरलं. हात गार होता.

"तुज्या हातचं चालत न्हाय."

"का? मी काय केलं?"

"तुजा अबोला हाय. जिनं आपल्या भनीशी अबोला धरलाय, तिच्या हातची फनी लागू व्हत न्हाय. आमची रीतच हाय तशी."

मी चिडले. मी म्हटलं, मग जिचा अबोला नाही अशी बघ की एखादी, जगात बायका काय थोड्या आहेत? तर ती म्हणाली, शंभर वर्षं तेच बघतेय. म्हैसूरकडं बघितलं, जपानात बघितलं. ज्यांचं कुणाशी बिनसलेलं नसतं त्यांच्या शेडात दोघी-चौघी असतात, गप्पा चालू असतात, त्यांना मी दिसतच नाही. जी एकटी बसलेली असते तिलाच दिसते. आणि एकटी बसलेली असते, तिचं कुणाशीतरी बिनसलेलं असतंच.

यावर मी वळून पाल्याचे देठ खुडायला लागले.

"ती इल तवा इल," मी म्हटलं. "मी का जाऊ?"

"मी बी आसंच म्हनलं व्हतं," आ-म्यू म्हणाली.

किडे चौथ्या झोपेतून उठले. आता सात दिवस उरले होते. पहिला दिवस मी म्हटलं, पाला तोडायचाय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, गर्दी झालीय, ट्रे वाढवायचेत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही काहीतरी काढलं. आ-म्यू एका शब्दानं बोलायची नाही, नुसती पाला घालायची. तिच्या या न बोलण्यानंच मी हैराण झाले. पाचव्या दिवशी पहाटेचा पाला घातला, लुगडं बदललं आणि ती यायची वाट बघत थांबले. ती आली तेव्हा मी पिशवी हातात घेऊन उभी होते.

"दुपारचा पाला तू घाल. मी संध्याकाळच्या आत येते. आल्यावर तुजा आंबाडा."

तिनं मान हलवली. मी शेडाबाहेर पडले तेव्हा ती केसातली फणी काढत होती.

एसटीत मी वाक्यं जुळवत होते. 'मी चुकले' हे एवढं लहान वाक्य, पण ते माझ्या तोंडात बसेना. इंदापूरच्या स्टँडवर शेजारच्या फलाटाला एक गाडी लागली आणि त्यातून ही गर्दी उतरली. मी तिकडं बघितलंही नाही, माझी गाडी सुटेल या घाईत होते.

लोणीला सोमनाथच्या खोलीसमोर पोती भरून ठेवलेली, खाटेचे दोर सोडलेले. त्याची बायको रश्मी दीड महिन्याचं पोर खांद्यावर घेऊन भांडी बांधत होती. मला बघून ती चकितच झाली.

"अगं बाई, मावशी! आई तर तुमच्याकडंच गेल्यात सकाळच्या गाडीनं!"

"माझ्याकडं?"

"व्हय की. ह्यांना कंपनीनं गुजरातला घातलंय, वापीला. आज रातच्याला टेंपो हाय. आई म्हनल्या, एकदा त्या बाईचं तोंड बघून येते, शिव्या दिल्या तरी चालंल. चारच्या गाडीनं माघारी निगनार हायेत."

मी तिथंच पोत्यावर बसले. ती आली होती. माझ्या आधी आली होती. मला हसावं की रडावं कळेना. रश्मीनं पाणी दिलं आणि घरातली गाऱ्हाणी सांगतात तशा सुरात म्हणाली, "तुमी त्यांना जरा सांगा वो मावशी. तुमचंच ऐकतील. मिश्री लई लावत्यात. तुमच्याकडनं आल्यापास्नं जी धरलीया ती सुटतच न्हाय. डबी सदा कनवटीला."

मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि स्टँडकडं निघाले.

परतीच्या गाडीत मी उभीच होते, जागा असून. कंडक्टर म्हणाला, मावशी बसा, तरी उभीच. रंगूबाई शेडात जाणार. मी दिसणार नाही. किडे दिसतील, आणि पाचव्या दिवसाचे किडे बघून रंगूबाई हात बांधून बसेल? ती बसणारी बाई नव्हती. आ-म्यू अडवेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण ती रंगूबाईला दिसेल का? दिसली तरी अडवेल कशाला? माझी बहीण आली म्हणून ती उलट बाजूलाच होईल.

अडीच वाजले होते. रंगूबाई शेडाच्या दारात पदर खोचून उभी होती. वाळली होती. मला बघून हसली तेव्हा हिरड्या काळ्या दिसल्या.

"कुठं उलथली व्हतीस गं? किडं टाकून गावाला जात्यात व्हय? अकरा वाजल्यापास्नं हितं हाय मी. दोन येळा पाला घातला सगळ्यास्नी, एक ट्रे सोडला न्हाय. हात इसरलं न्हाईत बग अजून."

"बस तू," मी म्हटलं आणि आत गेले.

पहिल्याच ट्रेवर कळलं. किडे मान वर करून डुलत होते आणि तोंडातून हिरवं पाणी ओकत होते. काही आडवे होऊन आखडले होते. पाल्याच्या पाटीत, अगदी वरच्या पानांवर, मिश्रीची काळी पूड सांडलेली दिसत होती. दुसऱ्या रांगेत तेच. तिसऱ्या रांगेत तेच. आ-म्यू कुठंही नव्हती. मी हळूच हाक मारली, तरी नव्हती.

माझी जीभ तुम्हाला आता माहीत आहे. तिच्यावर काय काय आलं ते मी इथं लिहीत नाही. मी दाराकडं वळले आणि दारात रंगूबाई उभी होती, आत यायला निघालेली, हातात चप्पल घेऊन.

"जाताना एकदा बगून घेते गं. किती मोठं झालंत. आता परत कदी दिसायचं? आमी वापीला निगालोय."

मी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

"किडं काय बगतीस?" मी म्हटलं. "मला बगायला आलीस ना? मला बग की."

असं मी कुणाला कधी म्हटलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. रंगूबाई बघतच राहिली आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. मग मी तिला ते वाक्य बोलून दाखवलं. एसटीत बसत नव्हतं, आता आपोआप आलं. मी चुकले, रंगे. तू मोलकरीण नव्हतीस, आणि मला कुणीच नाही हे तू म्हणालीस तेही खोटं होतं, कारण तू होतीस.

आम्ही लिंबाखाली बसलो. तिच्याकडं तास होता. तिचे केस गाडीच्या वाऱ्यानं विस्कटले होते, म्हणून मी घरातली फणी आणली आणि तिचा अंबाडा घातला. तिचं डोकं माझ्या गुडघ्याला टेकलं होतं आणि मागं शेडात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. ती नातवाचं सांगत होती. वापीला समुद्र जवळ आहे म्हणत होती. मध्येच म्हणाली, "आत कोन बाई व्हती का गं सकाळी? मी आले तवा एक पाठमोरी बसलेली दिसली, केस मोकळं सोडून. तूच न्हाऊन बसलीस आसं वाटलं. हाक मारली तर कुनीच न्हाय."

"कोन आसनार," मी म्हटलं. "मला कोन हाय दुसरं."

चारच्या गाडीला तिला फाट्यावर सोडायला गेले. पायरीवर चढताना ती म्हणाली, "कोष निगालं की एक मला पाठव. माज्या हातचा पाला खाल्ल्यालं हायेत. तितं कुनाला दावीन." मी म्हटलं, पाठवते. गाडी निघाली. तिनं हात बाहेर काढला होता, तो उसाच्या आडोशाला जाईपर्यंत दिसत होता.

शेडात आले तेव्हा सगळं शांत होतं. एकही किडा खात नव्हता. मी मधल्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, ये गं, माझा अबोला सुटला. आता माझ्या हातचं चालतं. अंधार पडेपर्यंत म्हणत होते. हात निर्मळ झाला होता आणि विंचरायला डोकं नव्हतं. किडेच नव्हते, तर ती येणार कुठून? शंभर वर्षांनी केस सोडून बसली होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी मी खड्डा काढला आणि चुना टाकून सगळे पुरले. महिपती आला, पाटीतली पूड बघितली, बोटानं हुंगली. "तमाखू कुनी आनली आत?" मी म्हटलं, मी. मी मिश्री लावायला लागलेय. त्यानं मला मनसोक्त शिव्या दिल्या आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की रेशीमवाल्या जयवंतानं मिश्रीच्या नादात आपलेच किडे मारले. वहिनीला चार दिवस पुरलं ते.

महिन्याभरानं मी बारामतीला गेले आणि शिबिरात ओळख झालेल्या एका शेतकऱ्याकडून एक कोष मागून आणला. चांगला पांढरा, टणक बघून घेतला. कापसात गुंडाळून औषधाच्या रिकाम्या खोक्यात घातला आणि वापीच्या पत्त्यावर पाठवला.

चैत्रात कार्ड आलं. रश्मीच्या अक्षरात होतं. लिहिलं होतं, की कोष पोचला. आईंनी तो शेजारच्या सगळ्या बायकांना दाखवला, हा माझ्या हातचा पाला खाऊन झालाय म्हणून सांगितलं, आणि आता ट्रंकेत बाबासाहेबांच्या फोटोजवळ ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. मिश्री पण सोडली आहे, म्हणतात पुढच्या बॅचला जयवंताकडं जाऊन राहायचं, हात स्वच्छ पाहिजेत.

कार्ड मी दारात उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. खूप हसू आलं आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं. मी शेडात बघितलं, ओढ्याकडं बघितलं. मग कार्ड घडी घालून पोलक्यात ठेवलं आणि नव्या किड्यांसाठी पाला तोडायला गेले.